पंखाची पुढची कड

लोणारला सहल नेली, तर सरोवराकाठी उतरणाऱ्या बगळ्याकडे मुलांचे लक्ष वेधा. उतरताना तो वेग कमी करतो आणि पंख अधिकाधिक तिरपे धरतो. त्याच वेळी पंखाच्या पुढच्या कडेवर, मनगटाजवळ, मोजकी लहान पिसे उचलली जातात. हा पक्ष्याचा अंगठा. ही पिसे काय करतात?

पंख हवेला खाली लोटतो. प्रतिक्रिया म्हणून हवा पंखाला वर उचलते. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन वाढवला की ही उचल वाढते. पण साधारण १५ अंशांच्या आसपासपर्यंतच. त्यापुढे पंखाच्या पाठीला धरून वाहणारी हवा सुटते, भोवरे उठतात आणि उचल घटते. यालाच ‘स्टॉल’ म्हणतात. मोटारीचे इंजिन बंद पडण्याशी याचा संबंध नाही. विमानाचे इंजिन उत्तम चालू असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो. उंची कमी असेल, तर सावरायला अवधी मिळत नाही.

१९१७ साली जर्मन वैमानिक गुस्ताव लाखमान याचे विमान असेच कोसळले. रुग्णालयात असताना त्याला पंखाच्या पुढच्या कडेपाशी फट ठेवण्याची कल्पना सुचली. कडेपुढची अरुंद पट्टी हवेला आधीच थोडी वळवते. त्यामुळे मुख्य पंखावर हवेला एकदम तीव्र वळण घ्यावे लागत नाही, आणि ती जास्त कोनापर्यंत पंखाला धरून राहते. नाशिकजवळच्या ओझर येथे तयार झालेल्या पहिल्या ‘तेजस मार्क १ ए’ने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. त्याच्या पंखांनाही अशा हलत्या पट्ट्या आहेत.

मग पुढची कड पूर्ण लांबीभर सुधारली, तर विमान अधिक सुरक्षित होईल? १९७०च्या दशकाच्या अखेरीस नासाच्या लँगली केंद्राने एका लहान विमानाची पुढची कड खाली झुकवून पाहिली. पूर्ण लांबीभर झुकवल्यावर स्टॉल उशिरा आला, पण विमानाची गिरकी अधिक धोकादायक झाली. फक्त बाहेरच्या भागात झुकवल्यावर मात्र विमान सहजासहजी गिरकीत जाईना. कड जिथे एकदम बदलते, तिथे एक भोवरा तयार होतो. तो आतल्या भागातला स्टॉल बाहेर पसरू देत नाही. विमान डावी-उजवीकडे सावरणाऱ्या फळ्या बाहेरच्या भागातच असतात, आणि त्या काम करीत राहतात. म्हणजे स्टॉल किती उशिरा येतो याइतकेच तो कुठून सुरू होतो हेही महत्त्वाचे.

वर्गात करून पाहता येईल असा एक प्रयोग: पोस्टकार्डाच्या वरच्या बाजूला बोटभर लांबीचे बारीक दोरे रांगेत, फक्त पुढच्या टोकाशी चिकटवा. कार्ड टेबलफॅनसमोर धरून हळूहळू तिरपे करा. दोरे फडफडू लागले, की तिथली हवा सुटली. आता पुढची कड किंचित खाली वळवा. नंतर दुसऱ्या कार्डाची अर्धीच कड वळवा. कोणते दोरे आधी बिथरतात? पंख्याची हवा घुसळलेली असते, म्हणून नेमका कोन मोजण्याच्या भरीस पडू नये; तुलना पुरे.

शेवटी मुलांना विचारा: बगळ्याची ती पिसे पंखभर न पसरता मनगटाशीच का असावीत?