ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतंय?

तंजावरकर मंडळी, त्रिची हायवेवर ८० च्या वेगात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी पुढच्या डिस्क तपासा. हादरे सीटमध्ये जास्त जाणवले तर मागचे ड्रम. खात्रीसाठी रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात, बटण दाबून धरून हँडब्रेक हळूच ओढा. तेव्हाही हादरे आले तर दोष मागेच आहे. ब्रेक न लावताच थरथर असेल तर व्हील बॅलन्सिंग बघा.

गॅरेजमध्ये ‘डिस्क वाकली’ असं सर्रास सांगतात. बहुतेकदा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. ०.०२ मिलिमीटरचा फरकसुद्धा पायाला कळतो! आणि मूळ बरेचदा हबवर असतं. नागपट्टिनमकडच्या खाऱ्या हवेत वापरलेली जुनी गाडी घेतली असेल तर डिस्क उतरवून बघाच: हबच्या कडेला तांबूस गंजाची पापडी धरलेली असते. ती वायर ब्रशने खरवडल्याशिवाय नवी डिस्क बसवली तर ती किंचित तिरकी फिरते आणि काही हजार किलोमीटरांत थरथर परत. लोकांचे पैसे इथेच वाया जातात.

किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. लेथवर घासून त्याखाली जाणार असेल तर दोन्ही बाजूंच्या नव्या घ्या, पॅडसकट. चाकाचे नट मात्र टॉर्क पान्यानेच, समोरासमोरचे आळीपाळीने आवळून घ्या.