लाँचमधली आत्या काळी का येते?

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराकडे जाणारी लाँच सुटली की पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांचे कॅमेरे बाहेर येतात. आमच्याकडे अजून जुना खिशातला डिजिटल कॅमेरा आहे. बाकावर आत्या, मांडीवर पिशवी, पाठीमागे उघड्या बाजूतून झगझगतं पाणी, असा फोटो काढला. घरी येऊन पाहिलं तर पाणी झकास आणि आत्येच्या जागी काळी सावली. दुसऱ्या फोटोत आत्या नीट दिसते, पण आकाशाचा कोरा कागद झालेला.

यात कॅमेऱ्याचा बिघाड काही नाही. चौकटीतला पांढरा-काळा सगळा उजेड एकत्र धरून सरासरी मध्यम करड्या रंगाच्या आसपास यावी, एवढंच त्याच्या मीटरला शिकवलेलं असतं. समोर काय आहे ते त्याला कळत नाही. मोऱ्याच्या धक्क्यावर बर्फात मांडलेल्या पापलेटांची पाटी जवळून टिपा. चंदेरी मासळी आणि बर्फ मिळून चौकट पांढरीशुभ्र. मीटरला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो कमी करतो आणि ताजं पापलेट शिळ्यासारखं मळकट दिसतं. काळ्या रंगाच्या होडीने चौकट भरली तर उलट घडतं. होडी राखाडी होते आणि मागचं आकाश जळतं.

उपाय कॅमेऱ्यातच आहे. बेरीज-वजाबाकीचं चिन्ह असलेलं बटण किंवा मेनूतलं ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’ शोधा. त्याच्या पायऱ्या एक-तृतीयांशाच्या असतात. अधिक 1 म्हणजे दुप्पट उजेड, उणे 1 म्हणजे निम्मा. पापलेटाला अधिक 0.7 किंवा 1, काळ्या होडीला उणे 0.7. पांढऱ्याला वाढवायचं आणि काळ्याला घटवायचं, हे पहिल्यांदा उलटं वाटतं. पाटीचे दोन फोटो काढून बघितले की पटतं.

आत्येसाठी सोपी युक्ती म्हणजे फ्लॅश ‘ऑटो’वर न ठेवता सक्तीने चालू करायचा. भर उन्हात फ्लॅश कशाला, असं शेजारचा प्रवासी विचारेल, विचारू द्या. मागचं पाणी आहे तसं राहतं, चेहरा तेवढा उजळतो. मात्र हा इवलासा फ्लॅश तीनेक मीटरपलीकडे फारसा पोचत नाही. म्हणूनच समोरच्या घारापुरीच्या लेण्यात, तीन पुरुष उंचीच्या महेशमूर्तीसमोर, त्याचा काही उपयोग होत नाही. तिथे तो बंद करा आणि कॅमेरा कशावर तरी स्थिर टेकवा.

आता आधीच काढलेल्या फोटोंचं काय? इथे एक भेद पक्का लक्षात ठेवावा लागतो. जेपेग फोटोत प्रत्येक मूळ रंगाच्या 0 ते 255 अशा 256 पायऱ्या असतात. आकाश जळलं म्हणजे तिथला प्रत्येक ठिपका 255 वर जाऊन थडकला. ढगाची कड, निळसर छटा, काहीच नोंदलं गेलं नाही. ते गडद केलं तर हाती सपाट राखाडी डाग येतो. काळवंडलेल्या चेहऱ्यात मात्र बरंच काही दडलेलं असतं. त्यामुळे शंका असेल तेव्हा मी फोटो जरा काळाच काढते.

तो उजळायला ‘गिंप’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. आधी फोटोची प्रत करा. मूळ फाइलला हात लावू नका. ‘कलर्स’मध्ये ‘लेव्हल्स’ उघडलं की डोंगरासारखा आलेख दिसतो आणि त्याखाली तीन त्रिकोण. डावा काळ्याचा, उजवा पांढऱ्याचा, मधला मधल्या छटांचा. मधला हळूहळू डावीकडे सरकवा. त्याचा आकडा 1.00 वरून 1.3 किंवा 1.4 च्या आसपास गेला की आत्येचं कुंकू दिसू लागतं, मग चष्म्याची काडी. आणखी ओढलंत तर काळ्या भागात रंगीत रवा उठतो, कारण या कॅमेऱ्यांचा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षा लहान असतो आणि अंधारातली नोंद कच्ची असते. थोडा रवा चालतो. चेहरा दिसणं महत्त्वाचं. शेवटी सगळंच धुरकट वाटलं तर डावा त्रिकोण किंचित आत घ्या, म्हणजे काळा रंग पुन्हा काळा होतो.

ही खटपट टाळायची तर बसण्याची जागा बघा. सकाळी मोऱ्याला जाताना सूर्य साधारण समोर असतो. त्याच्याकडे पाठ करून, मुंबईच्या बाजूला बघत फोटो काढले की चेहऱ्यावर आपोआप उजेड येतो. संध्याकाळी उलट. आणि निघण्याआधी फेरी आहे ना, ते विचारून घ्या. मोऱ्याच्या बंदरात गाळ साचलेला असतो, मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही.