शून्याचीही नोंद

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत लागणाऱ्या चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६चा जो शिलालेख आहे, त्यात देवाला अर्पण केलेली फुलबाग २७० हस्त लांब व १८७ हस्त रुंद असल्याचा आणि नित्य ५० माळा द्यावयाच्या असल्याचा दानाचा तपशील कोरलेला असून, त्यातील शून्ये लहान वर्तुळांच्या रूपात आजही वाचता येतात. रिकाम्या स्थानालाही मूल्य असते, हा विचार जिथे पाषाणावर रुजू झाला, त्या नगरीच्या वाचकांना गॅमा किरणांच्या प्रस्फोटांची मोजणी विशेष जवळची वाटावी.

दूरस्थ दीर्घिकांत महाकाय तारे कोसळताना किंवा न्यूट्रॉन तारे परस्परांत विलीन होताना घडणारे हे प्रस्फोट बहुधा काही क्षणच टिकतात, त्यांची वेळ व दिशा आगाऊ कळत नाही, आणि आपले वातावरण हे किरण शोषून घेत असल्यामुळे त्यांच्यासाठी पहारा अंतराळातच बसवावा लागतो. अणुचाचणीबंदीच्या तहाचा भंग होतो काय, यावर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी असा प्रस्फोट १९६७ साली प्रथम टिपला. जगाला त्याची वार्ता १९७३मध्ये मिळाली.

भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटवर, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आयुका आदी संस्थांच्या परिश्रमांतून सिद्ध झालेले कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे उपकरण आहे. त्याच्या ६४ शोधकांपैकी प्रत्येकात २५६ घरे आहेत. एखाद्या घरात किरणाचा कण आदळला की स्फटिकात विद्युत्भार निर्माण होतो, त्यावरून कणाची ऊर्जा कळते, आणि आगमनाची वेळ सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागापर्यंत नोंदली जाते. पार्श्वभूमीची संथ गणती एकाएकी उसळली की प्रस्फोट झाला असे समजावे. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, म्हणजे प्रक्षेपणानंतर आठव्याच दिवशी, या उपकरणाने आपला पहिला प्रस्फोट टिपला.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी गुरुत्वीय लहरींपाठोपाठ सुमारे दोन सेकंदांनी फर्मी उपग्रहाला एक प्रस्फोट दिसला, तेव्हा ॲस्ट्रोसॅटच्या गणतीत मात्र काहीच उसळले नाही. उपकरण तर जागे होते. याचा अर्थ असा, की त्या क्षणी पृथ्वीने त्याच्यापुरता आकाशाचा जेवढा भाग झाकला होता, त्यातच उगम असला पाहिजे. आणि या अनुमानाने शोधाचे क्षेत्र आकुंचित झाले. तो उगम सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत सापडला.

असे शून्य पुराव्यादाखल मानले जाते ते केवळ एका अटीवर, की ती गणती अखंड व प्रामाणिक असावी; म्हणून प्रस्फोटांच्या यादीइतक्याच निष्ठेने, काहीच न घडलेल्या घटकांचे दप्तरही राखणाऱ्यांचे ऋण विज्ञानाने मानले पाहिजे.