थरांतून उभी राहिलेली रचना : ‘ट्यूब्युलर बेल्स’

25 मे 1973 रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेला माइक ओल्डफील्ड यांचा ‘ट्यूब्युलर बेल्स’ हा व्हर्जिन रेकॉर्ड्स या कंपनीचा पहिला अल्बम होय. तबकडीच्या दोन बाजूंवर सुमारे 49 मिनिटे चालणाऱ्या या वाद्यसंगीतात रॉक, लोकसंगीत आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत एकत्र नांदतात, आणि हे शक्य होते ते ध्वनिमुद्रणाच्या एका विशिष्ट पद्धतीमुळे.

ही पद्धत ओव्हरडबिंगची, म्हणजे आधी मुद्रित केलेले वादन ऐकत त्यावर नवा थर चढवण्याची. कच्चे मुद्रण करताना ओल्डफील्ड यांनी संगीतकार केविन एअर्स यांच्या टेपरेकॉर्डरमधला जुना आवाज पुसणारा भाग पुठ्ठ्याने झाकला, त्यामुळे एकाच फितीवर वाद्यामागून वाद्य भरता आले. पुढे ऑक्सफर्डशायरमधील ‘द मॅनर’ स्टुडिओत 16 ट्रॅकचे यंत्र हाती आल्यावर, 19 वर्षांच्या या कलावंताने पियानो, ऑर्गन, बास, मँडोलिन आणि नाना प्रकारची गिटार स्वतः वाजवली. ड्रम, बासरी, गायन अशा काही बाबींसाठी मोजके सहकारी घेतले.

प्रारंभीची पियानोची स्वराकृती सात आणि आठ अशा पंधरा मात्रांच्या आवर्तनात फिरते. समसंख्य मात्रांना सरावलेल्या कानाला प्रत्येक फेरीत एक मात्रा निसटल्याचा भास होतो आणि त्यामुळे पुनरावृत्ती कंटाळवाणी होत नाही. लहान स्वराकृती सूक्ष्म बदलांसह दीर्घकाळ फिरवण्याच्या या शैलीस मिनिमलिझम म्हणतात, आणि तिचे अमेरिकी प्रवर्तक टेरी रायली यांचा प्रभाव येथे स्पष्ट दिसतो. ‘द एक्झॉर्सिस्ट’ या चित्रपटाने हीच आकृती भयाशी जोडली. मूळ रचनेत मात्र तिच्यातून प्रसन्न आणि हळुवार चालीही उमलत जातात.

पहिल्या भागाच्या अखेरीस बास गिटारवर एकच चाल घोळत राहते, निवेदक विव्हियन स्टॅनशॉल एकेका वाद्याचे नाव पुकारतात आणि ते वाद्य मुख्य धून घेऊन दाखल होते. त्यांतील ‘डबल स्पीड गिटार’ निम्म्या वेगाच्या फितीवर मुद्रित केलेली असल्याने नेहमीच्या वेगाने वाजवताना एक सप्तक वर चढते. सर्वांत शेवटी, उभ्या टांगलेल्या धातूच्या नळ्यांवर हातोडीने आघात करून वाजवल्या जाणाऱ्या ट्यूब्युलर बेल्स निनादतात. स्टुडिओत एकेक करून चढवलेले थर येथे श्रोत्यासमोर त्याच क्रमपद्धतीने उभे राहतात. तंत्र हेच रचनेचे तत्त्व होते आणि भिन्न संगीतपरंपरा आपापला रंग राखून एका आवर्तनात सामावतात, हे या अल्बमचे खरे कर्तृत्व होय.