लेकीची ड्यूटी आणि घरची हाक

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतली एक मुलगी ऐन परीक्षेच्या तोंडावर घरी येऊन बसली. जी.एन.एम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वह्या पूर्ण, चाचण्यांत गुण चांगले, वागायला शांत. तरीही तिचा परीक्षेचा अर्ज घेतला गेला नाही. वॉर्डातली हजेरी कमी भरली, एवढेच कारण.

तिचे वडील नगरपालिकेच्या पाणी खात्यात आहेत. पहाटे चार वाजता व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडण्याचे काम त्यांच्याकडे. आम्ही घरी गेलो तेव्हा ते संतापले होते. म्हणाले, "ताई, पोरगी नापास झाली असती तर मी गप्प बसलो असतो. चार दिवस घरी राहिली म्हणून परीक्षेला बसू देत नाहीत, हा कुठला न्याय?"

आम्ही भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढले आणि मुलीला शेजारी बसवून दिवस मोजले. चुलतभावाचे लग्न, हळदीपासून पाठवणीपर्यंत पाच दिवस. आजीचे आजारपण, सहा दिवस. मुलीला स्वतःला ताप आला तेव्हाचे सात दिवस. भाच्याच्या नामकरणाला दोन. शिवाय सुट्टीला घरी आल्यावर सोमवारची पहिली गाडी चुकली म्हणून बुडालेल्या सकाळच्या ड्यूट्या वेगळ्याच. बेरीज झाली तेव्हा वडील गप्प झाले. आम्ही विचारले, "भाऊ, तुम्ही वर्षात किती खाडे करता?" ते म्हणाले, "खाडा करून कसं चालेल? मी गेलो नाही तर वस्तीला पाणी नाही."

वॉर्डाचेही तसेच आहे, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

ऐंशी टक्के आणि शंभर टक्के

नर्सिंगचे शिक्षण म्हणजे नुसते कॉलेज नव्हे. ए.एन.एम. दोन वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. या साऱ्या अभ्यासक्रमांत मोठा भाग रुग्णालयात आणि वस्तीत प्रत्यक्ष काम करून शिकायचा असतो. १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या पुढाकाराने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली, तेव्हापासून हीच रीत आहे. ताप कसा मोजायचा हे पुस्तकात वाचता येते. पण तापाने भ्रमिष्ट झालेल्या माणसाला धरून त्याचा ताप कसा मोजायचा, हे वॉर्डातच शिकावे लागते.

आपल्या देशात या शिक्षणाचे नियम भारतीय परिचर्या परिषदेने ठरवले आहेत. १९४७ च्या कायद्याने ही परिषद स्थापन झाली. हजेरीबाबत परिषदेचे दोन नियम आहेत आणि पालकांची गफलत होते ती या दोहोंत.

पहिला नियम असा की, परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात, तासिकांमध्ये आणि प्रात्यक्षिकातही, किमान ८० टक्के हजेरी हवी. गैरहजेरीचे कारण कोणतेही असो. म्हणजे डॉक्टरांचे सर्टिफिकेट दिले तर रजा खरी ठरते, पण बुडालेले तास हजेरीत धरले जात नाहीत. अनेक घरांत हे ठाऊक नसते. "सर्टिफिकेट दिलंय ना, मग झालं," असे म्हणून लोक निश्चिंत होतात.

दुसरा नियम त्याहून कडक आहे. पदविका किंवा पदवी हाती पडण्याआधी प्रत्यक्ष कामाच्या प्रत्येक विभागातली हजेरी पूर्ण १०० टक्के भरावी लागते. ८० टक्क्यांवर परीक्षेचे दार उघडते, पण उरलेले २० टक्के माफ होत नाहीत. ती उधारी असते आणि फेडावीच लागते.

हिशेब करून पाहू. समजा एखाद्या विभागात २४० तासांचे काम नेमले आहे आणि रोजची ड्यूटी सहा तासांची आहे. म्हणजे ४० ड्यूट्या झाल्या. त्यांच्या ८० टक्के म्हणजे ३२. आठ खाडे झाले तर मुलगी काठावर आली, नववा झाला की परीक्षा अडली. आणि ते आठ खाडेही तिला पुढे सुट्टीत त्याच प्रकारच्या वॉर्डात भरून द्यायचे आहेत. मैत्रिणी घरी जातात तेव्हा हिचे वॉर्डातले दिवस सुरू होतात.

एका अनुभवी ट्यूटर मॅडमना आम्ही विचारले की, नियम इतका कडक कशाला? त्या म्हणाल्या, "बाळंतपण वेळापत्रक पाहून होत नाही. विद्यार्थिनीला ठराविक बाळंतपणे पाहावी आणि करावी लागतात, केसबुकात एकेकीची नोंद लागते. ज्या रात्री तीन बायका एकदम प्रसूत झाल्या, त्या रात्री ही लग्नात असेल तर ती रात्र मी तिला परत कुठून देऊ?" आम्हाला हे पटले. उद्या हीच मुलगी एखाद्या उपकेंद्रावर एकटी असेल. समोरची बाई आपल्याच घरातली असू शकेल.

मात्र शंभर टक्क्यांचा अर्थ आजारी अवस्थेत वॉर्डात जावे असा नाही. ताप, जुलाब, खोकला, अंगावर पुरळ असे काही असेल तर तिने वॉर्डात जाऊच नये, नाहीतर रुग्णांना लागण व्हायची. ट्यूटरना त्याच दिवशी कळवावे, उपचार घ्यावेत आणि तास नंतर भरावेत. न कळवता घरी राहणे आणि कळवून रजेवर राहणे यांत फरक आहे.

पोशाख कशासाठी?

हजेरीइतकाच तक्रारीचा दुसरा विषय पोशाखाचा. "नखं वाढवू देत नाहीत, बांगड्या काढायला लावतात, केस आवळून बांधायला लावतात," असे आयाबाया आम्हाला सांगतात. यातले बहुतेक नियम शोभेसाठी नाहीत, रुग्णाच्या जिवासाठी आहेत.

१८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी पाहिले की, शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांच्या हातून रोग पसरतो आहे. त्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हा लोकांनी त्यांना मानले नाही. आज जगभर तोच धडा शिकवला जातो. साबण-पाण्याने हात धुवायला ४० ते ६० सेकंद द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता विचार करा. हातात अंगठी, मनगटात बांगड्या आणि धागा असेल, नखे वाढलेली असतील, तर त्याखालची त्वचा कशी धुतली जाणार? ओला धागा तर दिवसभर घाण धरून ठेवतो. काचेची बांगडी फुटली तर तान्ह्या बाळाला इजा होते. म्हणून कोपरापासून खाली हात मोकळे, हा नियम आहे. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांनीही तो २००७ पासून डॉक्टरांसकट सर्वांना लावला.

मग मनगटी घड्याळाचे काय? ते छातीला पिनने लावायचे किंवा खिशात ठेवायचे. मात्र घड्याळाला सेकंदकाटा हवा, कारण नाडी आणि श्वास मिनिटावर मोजायचे असतात. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते; ती मोबाइल काढून मोजत बसणे वॉर्डात शोभत नाही आणि स्वच्छही नाही.

केस बांधून कॉलरच्या वर घ्यायचे, कारण जखम बांधताना वाकल्यावर वेणी जखमेवर लोंबू नये. बूट पुढून बंद हवेत, कारण सुई हातातून सुटली तर पायावर पडते. तळवा रबरी असावा, म्हणजे ओल्या फरशीवर पाय घसरत नाही आणि रात्री रुग्णाची झोपमोड होत नाही. नावाची पट्टी लावायची, कारण आपल्याला कोण हात लावते आहे हे जाणून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. हे नियम मुलांनाही लागू आहेत, कारण नर्सिंगमध्ये आता मुलगेही शिकत आहेत.

गणवेश घालून बाजारात, एस.टी.त किंवा लग्नघरी जाऊ नये. वॉर्डातली घाण घरी आणि रस्त्यावरची धूळ वॉर्डात जाऊ नये म्हणून हे सांगतात. घरच्यांना लेकीला गणवेशात पाहण्याची हौस असते, ती आम्ही समजू शकतो. त्यासाठी धुतलेला, इस्त्री केलेला गणवेश घालून एक फोटो काढावा. वापरलेला गणवेश मात्र वेगळा धुवावा. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, खोली एकच असते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच भावाच्या लग्नात हिला साडी घेण्यापेक्षा गणवेशाचा एक जादा जोड शिवून द्या, असे आम्ही आग्रहाने म्हणू.

विवाहित विद्यार्थिनींची अडचण वेगळी. सासूबाई म्हणतात, बांगड्या काढायच्या नाहीत. मॅडम म्हणतात, काढल्याशिवाय वॉर्डात यायचे नाही. बिचारी दोन्हीकडून बोलणी खाते. अशा सासूबाईंना आमची विनंती आहे की, उद्या तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, तर मळक्या बांगड्यांच्या हाताने कुणी पट्टी बदललेली तुम्हाला चालेल का? ऑपरेशन थिएटरमध्ये तर अंगावरचा एकही दागिना चालत नाही. सून दागिने उतरवते ती रुग्णासाठी.

संस्थांनीही ऐकावे

एकट्या पालकांना दोष देऊन भागणार नाही. वर सांगितलेल्या मुलीची हजेरी कमी भरते आहे हे तिला संस्थेने सांगितले ते अर्ज भरण्याच्या आठवड्यात. तोवर तिला वाटत होते की, सर्टिफिकेट दिल्याने ताप आलेले दिवस धरले गेले. दर महिन्याला तासांचा तक्ता फलकावर लागला असता तर ती वेळीच सावध झाली असती. नियम कडक असावेत, पण ते प्रवेशाच्या दिवशीच मराठीत लिहून पालकांच्या हाती द्यावेत. बुडालेले तास भरून काढण्याची संधी परीक्षेआधी मिळावी.

पोशाखाबाबतही तसेच. नखे वाढली असतील तर बाजूला घेऊन सांगावे, रुग्णांदेखत पाणउतारा करू नये. ज्या नियमाचे कारण आरोग्याचे आहे तो पाळलाच पाहिजे. पण जे केवळ जुनी रीत म्हणून चालत आले त्याचा पुनर्विचार व्हावा. पांढरी कडक टोपी एके काळी परिचारिकेची ओळख होती. तिने जंतू अडत नाहीत हे कळल्यावर अनेक रुग्णालयांनी ती सोडून दिली. साडीऐवजी सलवार-कमीज किंवा शर्ट-पँट आली, त्यामुळे धावपळ सोपी झाली. नियम बदलू शकतात. मात्र ते बदलायचे ते विचार करून. ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा मोडून नव्हे.

घरच्यांनी काय करावे?

मुलीच्या पोस्टिंगचे वेळापत्रक मागून घ्या आणि भिंतीवर लावा. घरचे कार्य ठरवताना तिची सुट्टी आधी विचारा. लग्नाला एक दिवस येऊ द्या, पाच दिवस ठेवून घेऊ नका. आजी आजारी असेल तर सेवेला हिलाच बोलावण्याची सवय सोडा. "तू नर्स आहेस ना," असे म्हणून तिचे शिक्षण बुडवू नका. घरात मुलगे आहेत, सुना आहेत, जावई आहेत. पाळीपाळीने बसता येते.

१४ एप्रिललाही वॉर्ड बंद नसतो. आमच्या माहितीतल्या काही मुली दिवाळीत मैत्रिणींसाठी ड्यूटीला थांबतात आणि आपल्या सणाला त्या मैत्रिणी यांच्यासाठी थांबतात. वेळापत्रक लागण्याआधी सिस्टर इन्चार्जना विनंती केली तर असे जमू शकते. आयत्या वेळी दांडी मारणे मात्र योग्य नाही. ज्या दिवशी आपण मिरवणुकीत असतो त्या दिवशीही कुणाला तरी सलाईन लावलेली असते.

मुलींनाही आम्ही सांगू की, मस्टरवर सही झाली की लगेच आपल्या वहीतही तासांची नोंद ठेवा. महिनाअखेर ती कार्यालयातल्या नोंदीशी ताडून पाहा. चूक दिसली तर लगेच, नम्रपणे आणि लेखी कळवा. मैत्रिणीची खोटी सही करू नका आणि आपली करवून घेऊ नका. सही खोटी असली की शिक्षणही खोटेच राहते, आणि ते एक दिवस रुग्णापुढे उघडे पडते.

आमच्या वस्तीतल्या त्या मुलीने पुढे सुट्टीभर राहून आपले तास भरले. परीक्षा सहा महिने उशिरा दिली आणि उत्तीर्ण झाली. सहा महिने गेले ते गेलेच, पण आता घरात बदल झाला आहे. ती सुट्टीला आली की पहाटे पाणी सोडायला निघताना वडीलच तिला उठवतात आणि पहिल्या गाडीत बसवून मग कामावर जातात. मागच्या महिन्यात घरात साखरपुडा होता. मुलगी आली नाही. कुणीतरी विचारले तेव्हा वडील म्हणाले, "तिला ड्यूटी आहे."

प्रत्येक घरात हे वाक्य मुलाच्या नोकरीबद्दल जितक्या सहज उच्चारले जाते, तितक्याच सहज लेकीच्या शिक्षणाबद्दलही उच्चारले जावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.