ए, बी, सी ही मातीची गुणवत्ता यादी नव्हे

बंगळुरूत इमारतीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्याची कड एकदा नीट पाहा. वर तपकिरी माती, मधे गडद तांबडी, तळाशी फिकट मुरूम. नदीने गाळ आणून एकावर एक टाकावा तसे हे थर साचले, असे अनेकांना वाटते. खरे तर इथली बहुतांश तांबडी माती खालच्याच नाइस खडकापासून झाली. लालबागेतली टेकडी त्याच जातीची. त्या खडकाचे वय सुमारे 300 कोटी वर्षे. खडक कुजून मुरूम झाला, मुरमाची माती झाली आणि थर पडले ते नंतर, त्या मातीतच.

मृदाशास्त्रज्ञ त्या थरांना अक्षरे देतात. पालापाचोळ्याचा ओ, सेंद्रिय अंश मिसळलेला ए, त्याखाली बी, मुरमाचा सी, अखंड खडकाचा आर. ‘ए म्हणजे सर्वांत चांगली माती’ हा समज मला फार खटकतो. अक्षर दर्जा सांगत नाही, त्या जागी काय घडले ते सांगते. ठरावीक खोलीही सांगत नाही, आणि सगळे थर प्रत्येक खड्ड्यात सापडतातच असे नाही. उतारावर ए धुपून गेला, उघडा पडलेला बी शेतकऱ्याने नांगरला, तर त्या नांगरटीच्या थराला ‘एपी’च म्हणतात.

खरी गोष्ट पुढच्या छोट्या अक्षरात असते. बंगळुरूच्या तांबड्या मातीत ‘बीटी’ हमखास भेटतो. पावसाच्या पाण्याने वरची बारीक चिकणमाती खाली नेली आणि ती ढेकळांवर, छिद्रांत चकाकणाऱ्या लेपासारखी बसली. ‘टी’ हे त्याचेच चिन्ह, चिकणमातीच्या ‘टोन’ या जर्मन शब्दावरून घेतलेले. विदर्भातल्या खोल काळ्या मातीचे ढेकूळही चकाकते, पण कारण वेगळे. ती माती भिजून फुगते, वाळून आकसते आणि ढेकळे एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. तिथे ‘बीएसएस’ लिहितात. दोन्हीकडे चकाकी आहे, म्हणून भिंग लावून पाहावे लागते.

लाल दिसली की कोकणी माणूस जांभा म्हणतो. पण लाली लोहाच्या ऑक्साइडची असते. प्रत्येक तांबडी माती जांभा नसते.

आणि शहरातला भराव? बंगळुरूत मॅजेस्टिकचे बसस्थानक जुन्या धर्मांबुधी तलावाच्या जागी उभे आहे. अशा ठिकाणी माणसाने आणून टाकलेल्या मातीच्या अक्षराआधी टोपीसारखी खूण करतात. तिच्यात विटा, काच, प्लास्टिक असेल तर मागे ‘यू’ जोडतात.