जुन्या जीपच्या टाकीस नवा पंप

इंदुरात राजेंद्रनगरात आमच्या दारापुढे उभी असलेली पेट्रोलवरची जुनी जीप पाहून "ही अद्याप चालते काय?" असे अनेक सभासद-बंधू विचारतात. चालते, परंतु दोन वर्षांपूर्वी वैशाखातील भर दुपारी, निमाडातून परतताना, मानपूरच्या घाटात ती अकस्मात बंद पडली. मागे मालमोटारींची रांग लागली, आणि बायकामुलांना घाटातच खाली उतरवावे लागले. त्यानंतर जो उपाय केला, त्याची माहिती अशी वाहने बाळगणाऱ्या कुटुंबांस उपयोगी पडावी.

महिंद्र आणि महिंद्र कंपनीने मुंबईत बांधलेल्या या विलीज पद्धतीच्या जीपांत पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते आणि पंप इंजिनाच्या अंगास. (पंप म्हणजे येथे रस्त्यावरील पेट्रोलविक्रीचे स्थान नव्हे, टाकीतील पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचविणारे लहानसे यंत्र. मिस्त्री मंडळी त्यास 'एसी पंप' म्हणतात.) इंजिनाच्या फिरण्याबरोबर त्यातील पडदा खालीवर होतो व पेट्रोल ओढून घेतो. पेट्रोल असे ओढले गेले म्हणजे नळीतील दाब घटतो, आणि दाब घटला की ते कमी उष्णतेतही उकळते. चढावर इंजिन तापलेले असताना नळीत वाफ धरते; वाफ पंपाच्या आवाक्यात येत नाही व गाडी थांबते. पंपावर ओले फडके गुंडाळण्याचा जुना तोडगा यामुळेच लागू पडतो. त्यात आता पेट्रोलमधील इथेनॉलची भर पडली आहे. सन २०२५ मध्ये त्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले, आणि जुन्या पडद्यांचे व नळ्यांचे रबर त्याने लवकर खराब होते. पडदा फाटला की पेट्रोल इंजिनाच्या तेलात उतरते, ही हानी वेगळीच.

विजेवर चालणारा पंप टाकीजवळ बसविल्यास पेट्रोल ओढले न जाता पुढे ढकलले जाते, नळीत दाब राहतो आणि वाफ सहसा धरत नाही. मात्र येथेच चूक होण्याचा संभव असतो. एका मिस्त्रीने आम्हांस नव्या मोटारीचा, टाकीच्या आत बुडून राहणारा पंप सुचविला होता. तो पंप इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनासाठी असतो; त्याचा दाब दर चौरस इंचास चाळीस पौंड वा त्याहून अधिक. जीपच्या कार्ब्युरेटरास अडीच ते पावणेचार पौंड पुरतात. अधिक दाबापुढे आतील सुईचा निभाव लागत नाही, आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडते. असा पंप वापरावयाचाच तर दाब उतरविणारे नियंत्रक आणि जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी नळी अनिवार्य होय. शिवाय टाकीस नवे भोक पाडावे लागते. आत वाफ राहिलेल्या टाकीस झाळकाम म्हणजे प्रत्यक्ष स्फोटास आमंत्रण. आम्ही कमी दाबाचा, बाहेर बसणारा पंप पत्करला.

तो चासीवर, टाकीच्या तळाच्या पातळीस अथवा किंचित खाली, सायलेन्सरपासून दूर बसवावा. कारण हे पंप ढकलण्यात समर्थ, ओढण्यात दुबळे. त्याच्या आधी गाळणी हवीच, नाहीतर जुन्या टाकीतील गंज त्यास महिन्याभरात निकामी करील. गाडीची वीज ६ व्होल्टची की १२ ची, हे खरेदीपूर्वी पाहावे. पंपास स्वतंत्र फ्यूज व अर्थिंगची तार द्यावी. रंगावर टेकवलेली अर्थिंग पुष्कळदा लागतच नाही. जुना पंप काढून तेथील तोंड गॅस्केटसह पत्रा लावून बंद करावे.

आता ज्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ती. जुना पंप इंजिन थांबताच आपोआप थांबे. विजेचा पंप किल्ली चालू असेतोवर पेट्रोल ढकलीतच राहतो; गाडी उलटो वा नळी तुटो. टाकी आसनाखाली असताना हे किती घातक, ते सांगावयास नको. म्हणून इंजिनातील तेलाचा दाब नाहीसा होताच पंपाची वीज तोडणारा स्विच, आणि धक्का बसताच तोडणारा दुसरा, असे दोन्ही बसवून घ्यावेत. मिस्त्री "काय गरज आहे?" म्हणेल, ऐकू नये. तेलाच्या स्विचामुळे गाडी सुरू करताना पंपास क्षणभर वीज मिळावी म्हणून स्टार्टरकडून एक जोडतार द्यावी लागते, एवढाच काय तो खटाटोप. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोड कोरड्या बोटाने तपासावा, व दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना पुन्हा एकदा.